आंत्रद्वार : दुर्मिळ गुंतागुंती आणि त्यांचा बोध

शल्यचिकित्सेत काही शस्त्रक्रिया अशा आहेत की, त्या रोग्याचे प्राण तर वाचवतात. परंतु त्याच्या शरीराची घडणही बदलून टाकतात. आंत्रद्वाराची शस्त्रक्रिया ही त्यांपैकी एक होय. मळ बाहेर टाकण्याचा निसर्गसिद्ध मार्ग रोगाने, अपघाताने किंवा जन्मजात व्यंगाने निकामी झाला, किंवा त्याला काही काळ विश्रांती देणे आवश्यक झाले, म्हणजे शल्यचिकित्सक आतड्याचे एक टोक अथवा एक वेटोळे पोटाच्या भिंतीला पाडलेल्या छिद्रातून बाहेर आणतो आणि त्याची कड त्वचेला शिवतो. या नव्या मुखाला ‘मुख’ याच अर्थाच्या ग्रीक शब्दावरून स्टोमा असे म्हणतात. मराठीत त्याला आंत्रद्वार म्हणता येईल. मोठ्या आतड्याच्या आंत्रद्वाराला कोलोस्टोमी, तर लहान आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, म्हणजे शेषांत्राच्या, आंत्रद्वाराला इलिऑस्टोमी हे नाव आहे.

भारतात ही शस्त्रक्रिया करण्याची कारणे अनेक आहेत. मलाशयाचा कर्करोग हे त्यांतील सर्वपरिचित कारण. पण विषमज्वराने लहान आतड्याला पडलेले भोक, आतड्याचा क्षयरोग, मोठ्या आतड्याला बसलेला पीळ, अपघातातील जखमा आणि नवजात अर्भकाला गुदद्वारच नसणे, ही कारणेही येथील रुग्णालयांत नित्य आढळतात. पुष्कळदा आंत्रद्वार तात्पुरते असते आणि काही महिन्यांनी ते बंद करून आतडे पूर्ववत जोडले जाते. काहींना मात्र ते जन्मभर सांभाळावे लागते.

निरोगी आंत्रद्वार लाल व ओलसर असते. गालाच्या आतील बाजूसारखा त्याचा रंग दिसतो. त्यावर स्नायूंचा ताबा नसल्यामुळे मळ आपोआप बाहेर येतो आणि तो साठवण्यासाठी पोटावर पिशवी चिकटवावी लागते. आणखी एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. आतड्याच्या अस्तराला त्वचेसारखी वेदना जाणवत नाही. ते कापले, भाजले किंवा काळे पडू लागले, तरी रोग्याला दुखेलच असे नाही. आंत्रद्वाराच्या बाबतीत दुखत नाही म्हणून सर्व ठीक आहे, हा समज धोक्याचा ठरतो.

आंत्रद्वाराच्या नेहमीच्या तक्रारी बहुतेक रोग्यांना शस्त्रक्रियेच्या वेळीच सांगितल्या जातात. भोवतालची त्वचा लाल होऊन सोलवटणे, पिशवी गळणे, आंत्रद्वार आत ओढले जाणे किंवा त्याच्या शेजारी अंतर्गळ होणे, या त्या तक्रारी होत. पण यांपलीकडे काही गुंतागुंती अशा आहेत की, एखाद्या शल्यचिकित्सकाला त्या संपूर्ण कारकिर्दीत एकदोनदाच पाहायला मिळतात. त्यांविषयी सहसा कोणी बोलत नाही. विरळ गोष्टींची भीती रोग्याला कशाला घालावी, असा त्यामागचा विचार असतो. तो विचार दयाबुद्धीचा असला, तरी पुरेसा नाही. या दुर्मिळ दुखण्यांचा इतिहास पाहिला, तर असे दिसते की, दुर्मिळता ही निसर्गाने कायमची ठरवून दिलेली गोष्ट नव्हे. एके काळी नित्याची असलेली गुंतागुंत जाणतेपणामुळे दुर्मिळ होते. आणि रोगी दीर्घकाळ जगू लागले म्हणजे पूर्वी कोणी न पाहिलेली गुंतागुंत प्रथमच दृष्टीस पडते.

या इतिहासाचा आरंभ फ्रान्समध्ये होतो. इ. स. १७१० मध्ये अलेक्सी लित्रे या फ्रेंच वैद्याने गुदद्वाराच्या जन्मजात व्यंगाने सहा दिवसांत मरण पावलेल्या एका अर्भकाचे शवविच्छेदन केले. आतड्याचे टोक पोटावर आणून ते उघडे ठेवले असते, तर अशी मुले वाचू शकतील, अशी कल्पना त्यावरून त्याने मांडली. ती प्रत्यक्षात येण्यास सहासष्ट वर्षे लागली. १७७६ मध्ये रूआं येथील पिलोर या शल्यचिकित्सकाने मलाशयाच्या कर्करोगाने मार्ग बंद झालेल्या एका मद्यव्यापाऱ्याच्या पोटावर, मोठ्या आतड्याचा आरंभीचा भाग जो उंडुक, त्याचे द्वार केले. द्वार उत्तम चालले. पण अठ्ठाविसाव्या दिवशी रोगी दगावला. शवविच्छेदनात त्याचे कारण सापडले. शस्त्रक्रियेपूर्वी, अडलेला मार्ग वजनाने मोकळा व्हावा म्हणून, त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याला सुमारे दोन पौंड पारा पाजण्यात आला होता. त्या पाऱ्याच्या भाराने लहान आतड्याचे एक वेटोळे ओटीपोटात ओढले जाऊन सडले होते. या विषयातील ही पहिली नोंद फार बोलकी आहे. आंत्रद्वार निर्दोष असूनही रोगी मरू शकतो, आणि मृत्यूचे कारण द्वारापासून दूर, नजरेआड असू शकते. पुढे १७९३ मध्ये ब्रेस्त येथे ड्यूरे याने गुदद्वार नसलेल्या तीन दिवसांच्या बालकाच्या पोटावर डाव्या बाजूस आंत्रद्वार केले. ते मूल मोठे होऊन पंचेचाळीस वर्षे जगले.

मोठ्या आतड्याच्या आंत्रद्वाराला अशा रीतीने यश येऊ लागले. पण लहान आतड्याच्या आंत्रद्वाराची कथा पुढेही दीर्घकाळ दुःखाची राहिली. लहान आतड्यातून येणारा मळ पातळ असतो आणि त्यात पाचक रस भरपूर असतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेषांत्राचे टोक पोटाबाहेर आणून तसेच ठेवले जात असे आणि त्याची कड आपोआप त्वचेशी जुळेल अशी वाट पाहिली जाई. आतड्याचे बाहेरील आवरण त्या दाहक रसात भिजून सुजे. सुजेमुळे द्वार अर्धवट बंद होई. मग अडलेले आतडे इतके पाणी व क्षार बाहेर टाकी की, रोगी काही दिवसांत कोरडा पडे. ही गुंतागुंत त्या काळी दुर्मिळ मुळीच नव्हती. ती इतकी नित्याची होती की, इलिऑस्टोमीचा तो अटळ परिणाम आहे, असेच पुष्कळांना वाटे. १९५१ मध्ये बोस्टनच्या वॉरन व मॅककिट्रिक यांनी तिचे सविस्तर वर्णन केले. लगेच पुढच्या वर्षी, १९५२ मध्ये, बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रुक यांनी एक सोपा उपाय प्रसिद्ध केला. सदऱ्याची बाही दुमडावी तसे आतड्याचे टोक स्वतःवरच उलटे दुमडून आतील अस्तर बाहेर आणावयाचे आणि त्याची कड पहिल्याच दिवशी त्वचेला शिवावयाची. त्यामुळे बाहेरील आवरण झाकले जाते आणि दोन ते अडीच सेंटिमीटर उंचीची एक लहानशी तोटी तयार होऊन मळ त्वचेला न लागता सरळ पिशवीत पडतो. अमेरिकेत क्लीव्हलंड येथे रूपर्ट टर्नबुल हेही याच दिशेने काम करीत होते. काही वर्षांतच ही ‘अटळ’ गुंतागुंत क्वचित दिसणारी गोष्ट झाली. येथे कोणते नवे औषध सापडले नव्हते, की नवे यंत्रही निघाले नव्हते. दुखण्याचे कारण नेमके ओळखले गेले, एवढेच झाले होते.

आज ज्या गुंतागुंती दुर्मिळ मानल्या जातात, त्यांचाही विचार याच रीतीने कारणांच्या अंगाने करता येतो. वरवर पाहता त्या विचित्र व एकमेकींशी संबंध नसलेल्या भासतात. परंतु आंत्रद्वार म्हणजे काय, हे नीट समजून घेतले की, त्या कोठून उगम पावतात हे दिसू लागते. आंत्रद्वारासाठी पोटाच्या भिंतीला भोक पाडावे लागते, आतड्याला त्याच्या मूळ जागेवरून ओढून घ्यावे लागते, त्याच्या रक्तवाहिन्या त्वचेच्या रक्तवाहिन्यांना भिडतात, आणि आतून ओले राहणारे अस्तर वर्षानुवर्षे हवा व त्वचा यांच्या सान्निध्यात राहते. या चार गोष्टींमध्येच बहुतेक सर्व गुंतागुंतींची मुळे आहेत.

पोटाच्या भिंतीपासून आरंभ करू पाहता, अंतर्गळाचा विचार प्रथम येतो. स्नायूंमधील भोकातून आंत्रद्वाराच्या शेजारी पोटातील अवयव त्वचेखाली येतात आणि तेथे फुगवटा दिसतो. हा प्रकार दुर्मिळ नाही. युरोपीय अंतर्गळ संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार त्याचे प्रमाण एका वर्षात ३० टक्क्यांहून अधिक, दोन वर्षांत ४० टक्के आणि त्यापुढे ५० टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक असते. दुर्मिळ असते ते त्या फुगवट्यातील वस्तुजात. सामान्यतः त्यात लहान आतड्याचे वेटोळे किंवा चरबीचा पदर असतो. पण काही वृद्ध रोग्यांत पोटाच्या वरच्या भागातील जठर खाली सरकून त्या भोकात अडकल्याच्या, आणि काहींत पित्ताशय तेथे सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झाल्या आहेत. जठर अडकले म्हणजे रोग्याला सारख्या उलट्या होतात; पण आंत्रद्वारातून मळ मात्र येत राहू शकतो. मळ येतो आहे, तेव्हा मार्ग मोकळा आहे, असा निष्कर्ष येथे घातक ठरतो. जुना फुगवटा एकाएकी कठीण झाला, दुखू लागला आणि उलट्या सुरू झाल्या, तर तपासणीस उशीर करता कामा नये, एवढेच यातून शिकावयाचे.

भिंतीशी निगडित असा दुसरा प्रकार म्हणजे भ्रंश. आतडे आंत्रद्वारातून दुर्बिणीच्या नळीसारखे लांब बाहेर येते. आडव्या मोठ्या आतड्याच्या वेटोळ्याचे द्वार केलेल्यांत तो अधिक आढळतो. बहुधा निजल्यावर आतडे आपोआप आत जाते. क्वचित ते बाहेरच अडकून सुजते व आत ढकलता येत नाही. अशा वेळी सुजलेल्या अस्तरावर साधी दाणेदार साखर पसरण्याची एक युक्ती शल्यचिकित्सक वापरतात. साखर सुजेतील पाणी ओढून घेते, आतडे आकसते आणि मग ते हलक्या हाताने आत घालता येते. मात्र आतड्याचा रंग लाल व सजीव असेल, तरच हा उपाय योग्य होय. रंग जांभळा किंवा काळा दिसू लागला, तर आतड्याचा तो भाग मरू लागला आहे असे समजून शस्त्रक्रियाच करावी लागते. याहूनही विरळ, पण अंगावर काटा आणणारा प्रकार म्हणजे आंत्रद्वाराच्या कडेची शिवण सुटून, किंवा बाहेर आलेले आतडे फाटून, त्यातून लहान आतड्याची वेटोळी उघड्यावर येणे. जोराचा खोकला किंवा कुंथणे हे त्याचे निमित्त असू शकते. घरच्या माणसांनी अशा वेळी ती वेटोळी आत ढकलण्याचा प्रयत्न करू नये. स्वच्छ ओल्या कापडाने ती झाकून रोग्याला निजवून तातडीने रुग्णालयात न्यावे. तोवर त्याला काही खाण्यापिण्यास देऊ नये.

दुसरे मूळ म्हणजे आतड्याचे स्थलांतर. आतडे पोटाच्या भिंतीकडे ओढून घेतले की, ते आणि पोटाची बाजूची भिंत यांच्यात एक फट राहते. या फटीतून लहान आतड्याचे वेटोळे पलीकडे सरकून अडकू शकते. बाहेरून काहीही दिसत नाही, आंत्रद्वार तर निरोगी असते. १९५८ मध्ये लीड्सचे गोलिगर यांनी ही फट राहूच नये म्हणून आतडे पोटाच्या पोकळीतून न आणता पर्युदर या अस्तराच्या मागून आणण्याची पद्धत सुचवली. याच वर्गातील एक अत्यंत विरळ प्रकार शल्यचिकित्सकाच्या हातून घडतो. पोट पूर्ण न उघडता लहानशा छेदातून आंत्रद्वार करताना आतड्याची दोन टोके ओळखण्यात चूक होते. मग जे टोक बाहेर आणावयाचे ते शिवून पोटात सोडले जाते आणि जे बंद करावयाचे ते बाहेर येते. आंत्रद्वार दिसते छान, पण त्यातून वारा सरत नाही आणि पोट फुगत जाते. अशा वेळी आतडे सुस्त आहे, दोन दिवसांत चालू होईल, असे म्हणून थांबण्याचा मोह होतो. या चुकीवरचा उपाय पुन्हा साधाच आहे. द्वार शिवण्यापूर्वी टोकांची खातरजमा करून घेणे, आणि आंत्रद्वार अपेक्षित वेळेत चालू झाले नाही, तर आपल्याच कामाविषयी शंका घेण्याची तयारी ठेवणे.

ज्यांना मोठ्या आतड्याचे कायमचे द्वार असते, त्यांपैकी काहीजण रोज पाणी सोडून आतडे धुतात, म्हणजे दिवसभर पिशवीची चिंता राहत नाही. पूर्वी यासाठी कडक रबरी नळी खोलवर घातली जाई आणि तिने आतड्याला भोक पडून रोगी अत्यवस्थ झाल्याच्या घटना घडत. नळीऐवजी आंत्रद्वाराच्या तोंडाशीच बसणारा मऊ शंकू वापरात आला आणि ही गुंतागुंत जवळजवळ नाहीशी झाली. एक साधी वस्तू बदलली की एक मरण टळते, याचे हे उदाहरण होय.

तिसरे मूळ रक्तवाहिन्यांचे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत आंत्रद्वाराला रक्त कमी पडले, तर ते काळवंडते. हा काळेपणा किती खोल गेला आहे, हे पाहण्यासाठी काचेची परीक्षानळी हळूच आत घालून विजेरीच्या प्रकाशात पाहण्याची पद्धत आहे. केवळ वरचाच भाग काळा असेल तर वाट पाहता येते. काळेपणा पोटाच्या भिंतीच्या आत पोचला असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया अटळ असते. सर्वत्र उपलब्ध असलेली ही दोन साधने किती मोठा निर्णय घेण्यास मदत करतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

रक्तवाहिन्यांचीच दुसरी गुंतागुंत मात्र वर्षांनंतर उद्भवते. आतड्याचे रक्त प्रवेशिका नावाच्या नीलेतून यकृताकडे जाते. यकृत रोगाने घट्ट झाले म्हणजे त्या रक्ताला वाट मिळत नाही आणि ते आडवाटा शोधते. सामान्य माणसात या आडवाटा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी फुगतात. आंत्रद्वार असलेल्या रोग्यात आतडे व त्वचा जेथे शिवलेली असतात तेथेच दोन रक्ताभिसरणांची गाठ पडते. म्हणून तेथे नीला फुगतात. द्वाराभोवतीची त्वचा निळसर जांभळी दिसते आणि पिशवी बदलताना लागलेल्या किंचित धक्क्याने भळाभळा रक्त वाहते. मोठ्या आतड्याच्या व्रणयुक्त दाहाबरोबर ज्यांच्या पित्तमार्गांनाही दाह होऊन ते आवळत जातात, अशा रोग्यांत ही गुंतागुंत विशेषेकरून आढळते. रक्त थांबवण्यासाठी प्रथम त्या ठिकाणी बोटाने किंवा कापडाच्या घडीने घट्ट दाब द्यावा. त्याने वेळ मिळतो. पुढे टाका घालणे, नीलेत औषध टोचून ती बंद करणे, यकृतातून रक्ताला नवी वाट काढून देणे आणि निवडक रोग्यांत यकृताचे आरोपण, असे उपाय आहेत. पण दोष आंत्रद्वारात नसून यकृतात आहे, हे ओळखले गेले नाही, तर द्वाराची जागा बदलूनही काही साधत नाही. नव्या जागी पुन्हा तेच होते.

चौथे मूळ म्हणजे अस्तर आणि त्वचा यांचा दीर्घ सहवास. त्वचेचा एक विलक्षण व्रण १९३० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या वैद्यांनी वर्णन केला. त्याला पायोडर्मा गँग्रिनोसम हे नाव मिळाले. आतड्याच्या दाहाचा रोग असलेल्यांत तो अधिक आढळतो आणि क्वचित तो आंत्रद्वाराच्या कडेलाच होतो. प्रथम एक लहान फोड येतो, तो फुटून खोल व्रण होतो. व्रणाची कड जांभळी व आतून पोखरलेली असते आणि वेदना विलक्षण असतात. दिसायला तो पू झालेल्या जखमेसारखा दिसतो. म्हणून स्वाभाविकच शल्यचिकित्सकाचा हात शस्त्राकडे जातो. येथेच घोटाळा होतो. हा व्रण जंतूंमुळे झालेला नसून शरीराच्या संरक्षणयंत्रणेच्या अतिरेकामुळे झालेला असतो, आणि जेथे जखम करावी तेथे तो वाढतो. कापून स्वच्छ करण्याने तो दुप्पट होतो. स्टिरॉइडसारख्या औषधांनी तो शमतो. ज्या दुखण्यात शस्त्र खाली ठेवणे हेच शल्यचिकित्सकाचे कौशल्य ठरते, असे हे दुखणे आहे.

काळाच्या ओघात उद्भवणाऱ्या गुंतागुंतींत सर्वांत गंभीर म्हणजे आंत्रद्वारावरच होणारा कर्करोग. लहान आतड्याला कर्करोग क्वचितच होतो. तथापि मोठे आतडे काढून टाकून इलिऑस्टोमी केलेल्या रोग्यांत त्या द्वारावर कर्करोग झाल्याचे १९६९ मध्ये प्रथम नोंदले गेले आणि त्यानंतर अशा नोंदी वेळोवेळी येत राहिल्या. सामान्यतः शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दशके उलटल्यावर तो दिसतो. म्हणजे ज्या रोग्यांना वीस-तीस वर्षांचे आयुष्य लाभले, त्यांच्यातच तो दिसणे शक्य होते. ब्रुक यांच्या पूर्वीच्या काळात असे दीर्घायुष्य फार थोड्यांच्या वाट्याला येत असे. या अर्थाने ही गुंतागुंत शस्त्रक्रियेच्या यशाची छाया आहे. द्वाराच्या कडेला न भरणारा व्रण, मांसल वाढ किंवा वारंवार रक्त येणे, हे तिचे स्वरूप असते. पिशवी घासून असे झाले असेल, असे म्हणून ते महिनोन् महिने दुर्लक्षिले जाते. वस्तुतः त्यातील लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे हे काही मिनिटांचे काम आहे. निदान वेळेवर झाले, तर रोगट भाग भोवतालच्या त्वचेसह काढून द्वार दुसऱ्या जागी करता येते.

जो भाग मळाच्या मार्गातून वगळला जातो, त्यालाही दुखणे जडू शकते. बंद ठेवलेल्या मोठ्या आतड्यात दाह होऊन त्यातून आव व रक्त येऊ लागते. १९८१ मध्ये ग्लॉट्झर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याला वळवलेल्या आतड्याचा दाह असे नाव दिले. मोठ्या आतड्याच्या अस्तराचे पोषण काही अंशी मळातील जंतूंनी तयार केलेल्या आम्लांवर होत असते. मळ येईनासा झाला की त्या अस्तराची उपासमार होते. आतडे पुन्हा जोडले की हा दाह ओसरतो. हे ज्ञात नसेल, तर मात्र त्याला नवा रोग समजून रोग्याला निष्कारण औषधे दिली जातात.

पाणी व क्षार यांच्या हानीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. ती दुर्मिळ नाही, पण तिच्यावरील उपाय अजून दुर्मिळपणे माहीत असतो. इलिऑस्टोमीतून फार पातळ मळ जाऊ लागला म्हणजे रोगी तहानेने व्याकूळ होऊन साधे पाणी पीत राहतो. साधे पाणी आतड्यात येताना शरीरातील मीठ ओढून घेते आणि हानी वाढते. जंतुसंसर्गाच्या अतिसारात जे तत्त्व उपयोगी पडते, तेच येथेही पडते. साखर व मीठ योग्य प्रमाणात एकत्र असतील, तर आतडे मिठाबरोबर पाणीही शोषून घेते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीच्या साथीशी झुंजताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावरील साखर-मिठाचे पाणी मोठ्या प्रमाणावर वापरून असंख्य प्राण वाचवले. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाच्या नावाने ओळखले जाणारे इलिऑस्टोमीच्या रोग्यांसाठीचे मिश्रण याच जातीचे आहे. त्यात एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असतो. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी ते वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे.

आता प्रश्न असा उरतो की, या दुर्मिळ गुंतागुंती प्रथम कोणाच्या दृष्टीस पडतात? शल्यचिकित्सक रोग्याला वर्षातून एकदोनदा पाहतो. रोगी आणि त्याची शुश्रूषा करणारे घरचे माणूस आंत्रद्वार रोज पाहतात. जांभळी झालेली त्वचा, न भरणारा व्रण, बदललेला रंग किंवा फुगवटा, हे प्रथम त्यांनाच दिसणार. म्हणजे दुर्मिळ रोगाचे पहिले निदान वस्तुतः घरात होऊ शकते. मात्र त्यासाठी त्या माणसाने आंत्रद्वाराकडे पाहिले पाहिजे आणि जे दिसले ते बोलून दाखवले पाहिजे. नेमके हेच पुष्कळदा होत नाही. मळाविषयीची किळस, सोवळ्याओवळ्याच्या कल्पना, आणि ‘लोक काय म्हणतील’ ही धास्ती, यांमुळे रोगी पिशवी लपवतो. स्त्रिया तर ती कित्येकदा पतीपासूनही लपवतात. पिशवीबरोबर रक्तस्रावही लपतो आणि गाठही लपते. आंत्रद्वाराच्या दुर्मिळ गुंतागुंतींत रोग्याचा जीव घेणारी गोष्ट पुष्कळदा ती गुंतागुंत नसते, तिच्याविषयीचे मौन असते.

हे मौन मोडण्याचे काम इतिहासात स्वतः रोगी आणि परिचारिका यांनी केले आहे. १९५४ मध्ये डेन्मार्कच्या एलिझे सोरेन्सेन या परिचारिकेने, आंत्रद्वार झाल्यामुळे बाहेर पडेनाशा झालेल्या आपल्या बहिणीसाठी, चिकटणाऱ्या कडेची पिशवी कल्पिली. क्लीव्हलंड येथे डॉ. टर्नबुल यांनी नॉर्मा गिल या, स्वतः इलिऑस्टोमी असलेल्या स्त्रीला १९५८ मध्ये रोग्यांना मार्गदर्शन करण्यासाठी नेमले, आणि १९६१ मध्ये तेथे या कामाचे शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. त्याच काळात त्वचेच्या रक्षणासाठी टर्नबुल यांनी जो डिंक प्रचारात आणला, तो कराया डिंक भारतातील कांडोळ या, पांढऱ्या बुंध्याच्या, वृक्षाचा होता. मध्य भारतातील व आंध्रातील आदिवासी जंगलात जो डिंक गोळा करीत, त्याने सातासमुद्रापलीकडील रोग्यांची सोलवटलेली त्वचा बरी होत होती. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयातील आंत्रद्वार चिकित्सालय आणि ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था यांनी रोग्यांना एकत्र आणून त्यांना एकमेकांशी बोलते करण्याचे कार्य केले आहे.

गुंतागुंत टाळण्याचा आरंभ शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी होतो. आंत्रद्वाराची जागा रोग्याला निजवून, बसवून व उभे करून आधीच शाईने खुणेने निश्चित करावी, असा नियम आहे. पाश्चात्त्य ग्रंथांत पँटच्या पट्ट्याचा विचार केलेला असतो. येथे साडीच्या निऱ्या, परकराची नाडी व धोतराची गाठ यांचा विचार करावा लागतो. रोगी मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, डोक्यावर ओझे वाहतो किंवा शेतात वाकून काम करतो, हेही विचारून घ्यावे लागते. नाडीखाली येणारे द्वार रोज घासले जाते आणि पोटाच्या घडीत दडलेले द्वार रोग्याला दिसतच नाही. जे दिसत नाही त्यावर लक्ष ठेवता येत नाही.

रोग्याने व घरच्यांनी ध्यानात ठेवावयाची लक्षणे मोजकीच आहेत. आंत्रद्वाराचा रंग जांभळा, राखाडी किंवा काळा होणे. दाब देऊनही न थांबणारा रक्तस्राव. पोट फुगून उलट्या होणे व मळ-वारा बंद होणे. बाहेर आलेले आतडे आत न जाणे. फुगवटा एकाएकी कठीण व दुखरा होणे. लघवी फार कमी होऊन ग्लानी येणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. न भरणारा व्रण किंवा नवी वाढ दिसल्यास काही दिवसांत दाखवावे. यासाठी वैद्यकीय शिक्षण लागत नाही. पिशवी बदलताना चांगल्या प्रकाशात, आरशाच्या साहाय्याने, एक मिनिट पाहण्याची सवय पुरेशी होते.

श्रोतेहो, शंभरांत एखाद्यालाही न होणाऱ्या दुखण्याविषयी उरलेल्या सर्वांना सांगावे काय, हा प्रश्न वैद्यकात नेहमी विचारला जातो. ज्याला ते दुखणे होते, त्याच्या दृष्टीने ते शंभरांत शंभर असते. सत्तर वर्षांपूर्वी इलिऑस्टोमीच्या रोग्याला पाण्यावाचून कोरडे पडताना पाहून अनेकांनी ते अटळ मानले. काहींनी मात्र जवळ जाऊन पाहिले आणि त्याचे कारण शोधून काढले. आज दुर्मिळ म्हणून बाजूला सारल्या जाणाऱ्या गुंतागुंतींच्या बाबतीतही वैद्याकडून, परिचारिकेकडून, घरच्यांकडून आणि स्वतः रोग्याकडून अपेक्षा तीच आहे : लाज व किळस दूर सारून जवळून पाहावे, आणि जे दिसेल ते वेळेवर सांगावे.